पोलो जीटी, ऑक्टाविया की ३२०डी? बेळगाव भागात जुनी दमदार डिझेल गाडी घेताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुनी पण अंगात जोर असलेली डिझेल गाडी शोधणाऱ्याची यादी फिरून फिरून तीन नावांवर येते: फोक्सवॅगन पोलो जीटी टीडीआय, स्कोडा ऑक्टाविया २.० टीडीआय आणि बीएमडब्ल्यू ३२०डी. पहिल्या दोन आता नव्या मिळणारच नाहीत. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६, म्हणजे धुराचे कडक नियम, आले आणि फोक्सवॅगन-स्कोडाने इथली ही डिझेल इंजिनं बंद केली. त्यामुळे जे आहे ते जुन्या बाजारातच. आणि तिथे दहा-बारा वर्षांची ३२०डी आणि सहा-सात वर्षांची ऑक्टाविया जवळपास एकाच बजेटात समोर उभ्या राहतात. माणूस अडकतो तो इथे.

माझं मत आधीच सांगतो. वर्षाला पंधरा-वीस हजार किलोमीटर, तेही बरंचसं महामार्गावर, असा ज्याचा वापर आहे त्याने ऑक्टाविया घ्यावी. ज्याला स्वतः गाडी चालवायची हौस आहे, घरात माणसांसाठी दुसरी गाडी आहे आणि खर्च आवाक्यात ठेवायचा आहे, त्याने पोलो. ३२०डी त्यानेच घ्यावी, ज्याच्याकडे गाडीची किंमत देऊन झाल्यावरही त्या किमतीचा तिसरा हिस्सा बाजूला शिल्लक आहे आणि गाडी महिनाभर उभी राहिली तरी ज्याचं काम अडत नाही.

कारण जुन्या गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. ३२०डी आज तुम्हाला नव्या हॅचबॅकच्या भावात मिळेल, पण तिचा हेडलाइट, सस्पेन्शनचा आर्म, कूलंटची टाकी या सगळ्याचे दर तीस-चाळीस लाखांच्या गाडीचेच राहतात. जाहिरातीतली किंमत बघून हुरळून जाणाऱ्याला हे पहिल्या सर्व्हिसच्या बिलावर कळतं.

आता ताकदीचं. पोलो जीटी टीडीआय २०१३ मध्ये आली ती १.६ लिटर इंजिन, १०५ पीएस (अश्वशक्तीचं माप) आणि २५० न्यूटन मीटर (ओढ्याचं, म्हणजे टॉर्कचं माप) घेऊन. पुढे इंजिन १.५ लिटरचं झालं आणि शेवटच्या गाड्यांत ताकद ११० पीएसवर गेली. ऑक्टावियाचं २.० लिटर इंजिन १४३ पीएस आणि ३२० न्यूटन मीटर देतं. २०१२ पासून आलेल्या एफ३० पिढीच्या ३२०डीत १८४ पीएस, ३८० न्यूटन मीटर. २०१६ नंतर बदललेल्या इंजिनात १९० आणि ४००. कागदावर बीएमडब्ल्यू कुठच्या कुठे पुढे. पण जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे जाताना दोन पदरी रस्त्यावर पुढे लाकडाचा ट्रक असतो आणि समोरचं वळण दीडशे फुटांवर असतं. तिथे कामाला येतो तो मधल्या आरपीएमला मिळणारा ओढा. ऑक्टाविया १७५० आरपीएमपासून पूर्ण ओढते, सहावा गिअर असतो, आणि चार माणसं नि सामान भरलं तरी फरक जाणवत नाही. पोलो २००० च्या खाली आळसावते. टर्बो जागा झाला की हलक्या अंगामुळे मजा येते, पण चोर्ल्याच्या चढावर वारंवार दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचा खेळ करावा लागतो. ३२०डीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक या तिघींत सर्वात शहाणा आहे, हे मान्य करायलाच हवं. कोल्हापूरला सव्वाशे किलोमीटरच्या आत पोहोचणाऱ्या महामार्गावर तिच्यासारखी निवांत गाडी नाही. मात्र ती मागच्या चाकांवर चालते आणि जमिनीपासून ठेंगणी आहे. पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या आतल्या रस्त्यांवर आणि गावोगावच्या मनमानी स्पीडब्रेकरांवर तिचं पोट वाचवत जावं लागतं. रन-फ्लॅट टायर पंक्चर झाल्यावरही साधारण ऐंशीच्या वेगाने ऐंशी किलोमीटर जातात ही सोय खरी, पण त्यांच्या बाजू कडक असतात आणि खड्ड्यात आपटले की फुगा येतो. असा टायर टाकूनच द्यावा लागतो.

गिअरबॉक्सवर थोडं थांबतो, कारण जुन्या गाडीत सगळ्यात महाग चूक इथेच होते. डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगन-स्कोडाचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, म्हटलं की लोक घाबरतात, पण डीएसजी एक नाही. ऑक्टाविया २.० टीडीआयमध्ये सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा डीएसजी आहे. तो मजबूत आहे. दर ६०,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलले असतील तर बिनधास्त घ्या. ज्याच्या तक्रारी तुम्ही ऐकल्या आहेत तो सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी. तो ऑक्टावियाच्या १.८ पेट्रोलमध्ये आणि व्हेंटो-रॅपिडच्या डिझेल ऑटोमॅटिकमध्ये आहे. गोगटे सर्कलच्या गर्दीत इंच इंच सरकताना त्याचा क्लच तापतो, आणि गिअर बदलवणारं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं की खर्चाला तोंड देणं कठीण होतं. म्हणून 'ऑटोमॅटिक रॅपिड डिझेल स्वस्तात मिळते' असं कोणी सांगितलं तर सर्व्हिसची कागदं नीट बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. पोलो जीटी टीडीआय फक्त मॅन्युअल आहे, त्यामुळे ही काळजीच नाही. ३२०डीच्या झेडएफ गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर टिकतं असं बीएमडब्ल्यू सांगत आली, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते. मी झेडएफचं ऐकेन. त्यात फिल्टर प्लास्टिकच्या ऑइल पॅनमध्येच बसवलेला असतो, म्हणजे पॅनही नवाच घालायचा.

मॅन्युअल घेणाऱ्यांनाही एक भाग ठाऊक हवा: ड्युअल मास फ्लायव्हील. पोलो आणि ऑक्टाविया दोन्हींत तो आहे. डिझेलचे धक्के पचवणाऱ्या स्प्रिंगा त्याच्या पोटात असतात आणि त्या थकल्या की इंजिन बंद करताना खालून खडखडाट येतो. उद्यमबागेत हेड फेसिंगपासून क्रँक ग्राइंडिंगपर्यंत सगळं होतं, लोखंडाचं काम तिथल्या कारागिरांसारखं फार थोड्या गावांत होत असेल. पण हा फ्लायव्हील फेसिंग करून सुधारत नाही, बदलावाच लागतो, आणि तेव्हा क्लचप्लेटही सोबत बदलणंच शहाणपणाचं.

इंजिनाच्या आतल्या भागात पोलो आणि ऑक्टाविया एका बाजूला, ३२०डी दुसऱ्या बाजूला. पहिल्या दोघींना टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे वॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या तालात ठेवणारा पट्टा. बेल्ट तुटला तर वॉल्व्ह वाकून इंजिन उतरवावं लागतं, पण बेल्ट बदलणं हे कुठल्याही चांगल्या मिस्त्रीचं एका दिवसाचं काम आहे. टेन्शनर आणि वॉटर पंप त्याच वेळी बदला, कारण २.० मध्ये पंप त्याच बेल्टवर फिरतो. विकणाऱ्याकडे बेल्टचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा आणि तेवढे पैसे किमतीतून कापून मागा. ३२०डीला बेल्टच्या जागी साखळी आहे आणि ती इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे बसवली आहे. २०१६ च्या आधीच्या एन४७ इंजिनात ही साखळी नि तिचे गाइड झिजण्याची तक्रार जगभर झाली. साखळी स्वतः फार महाग नाही. तिच्यापर्यंत पोहोचायला गिअरबॉक्स किंवा इंजिन खाली घ्यावं लागतं, ते महाग आहे. म्हणून ३२०डी घ्यायचीच ठरली तर २०१६ नंतरची, बी४७ इंजिनाचीच बघा. आणि कूलंट कमी होतोय का, हे आवर्जून तपासा. २०१८ मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना आगी लागल्या होत्या, तेव्हा ईजीआर कूलरमधली (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणाऱ्या भागातली) कूलंट गळती हेच कारण कंपनीने सांगितलं होतं.

फोक्सवॅगन-स्कोडाच्या जुन्या गाड्यांचाही एक इतिहास आहे. उत्सर्जनाच्या प्रकरणात डिसेंबर २०१५ मध्ये या समूहाने भारतात ३,२३,७०० डिझेल गाड्या सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. पोलोची १.५ आणि १.६ इंजिनं त्यात होती. २०१५ पर्यंतची पोलो घेत असाल तर ते काम झालं का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरला चॅसी नंबर देऊन विचारता येतं.

या तिघींशिवाय ह्युंदाईच्या डिझेल व्हर्नाबद्दलही दोन शब्द: १.६ सीआरडीआय १२८ पीएस देते, साखळीवर चालते आणि ह्युंदाईचे भाग चिकोडीतही मिळतात. स्टिअरिंग आणि वेगातली स्थिरता या तिघींसारखी नाही. ज्याला जोर हवा पण डोक्याला ताप नको, त्याच्यासाठी ती चांगली गाडी आहे.

गाडी बघायला सकाळी लवकर जा आणि आदल्या रात्रीपासून इंजिन सुरू करू नका असं मालकाला फोनवर सांगून ठेवा. तिथे पोहोचलात की आधी बॉनेटवर हात ठेवा. तिलकवाडीतले एक जुने मिस्त्री म्हणतात, "इंजीन गरम करून ठेवलंय म्हंजे कायतरी लपवायलेत बगा." थंड इंजिन सुरू होताना इंजेक्टरची टकटक, साखळीची घासल्यासारखी खरखर आणि पहिला धूर हे तिन्ही उघड होतात. निळा धूर म्हणजे टर्बो किंवा रिंगमधून तेल जळतंय, पांढरा राहिला तर इंजेक्टर किंवा कूलंट. मग काकतीवरून महामार्ग धरा, हत्तरगी नाक्याच्या अलीकडून वळा आणि परत येताना वंटमुरीच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये १६०० आरपीएमवरून पाय पूर्ण दाबा. आरपीएम झपकन वर जाऊन वेग तिथेच राहिला तर क्लच संपलाय. काळा धूर नि फुसफुस आवाज आला तर टर्बोच्या हवेचा पाइप कुठेतरी फुटलाय. तापलेल्या गाडीवर स्कॅनर लावायला सांगा, कारण मीटर मागे फिरवणारे बहुधा डॅशबोर्डचाच आकडा बदलतात. गिअरबॉक्स किंवा इतर मॉड्यूलमध्ये खरा आकडा राहून गेलेला सापडतो. बीएमडब्ल्यूच्या तर चावीतही किलोमीटर साठवलेले असतात. रीमॅप केलेल्या, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या, ऑक्टाविया पुष्कळ भेटतात. मी त्या टाळतो, कारण क्लच आणि फ्लायव्हीलने किती सोसलं आहे ते बाहेरून मोजता येत नाही.

आणि पूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्गावर पाणी आलं, पंचगंगा-कृष्णाकाठची कितीतरी घरं आणि त्यांच्या दारातल्या गाड्या बुडाल्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून आजही विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ धुऊनही जात नाही. सीटखालच्या रुळांवर गंज आणि कार्पेटखाली वाळू असेल तर गाडी कितीही चमकत असली तरी सोडून द्या. या तिन्ही गाड्यांत वायरिंग आणि मॉड्यूल एवढे आहेत की पाण्यात गेलेली गाडी कधीच पूर्ण बरी होत नाही.

दिल्लीच्या गाड्यांचाही तसाच मोह. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना तिकडे एनजीटीच्या (राष्ट्रीय हरित लवादाच्या) आदेशाने बंदी आली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि तेव्हापासून तिकडच्या ३२०डी, ऑक्टाविया स्वस्तात दक्षिणेकडे येत राहिल्या. गाडी चांगलीही असू शकते, पण ती केए-२२ किंवा केए-२३ च्या नंबरावर येईपर्यंतचा हिशोब आधी करा. कर्नाटकाचा आजीवन कर देशातल्या जास्त करांपैकी आहे: १० ते २० लाखांच्या गाडीला १७ टक्के, २० लाखांवर १८ टक्के, वर उपकर. बाहेरच्या राज्यातल्या जुन्या गाडीला वयानुसार सूट मिळते, पण मोजणी मूळ किमतीवरून सुरू होते. दारातल्या स्वस्त ३२०डीचा भाव इथेच फिरतो. स्वतःच्या आरटीओत जाऊन आकडा काढा, मगच विकणाऱ्याशी बोला.

आपल्याकडे दुसरी एक पद्धत आहे. कोल्हापूर पासिंगची गाडी घ्यायची आणि एमएच-०९ च्या नंबरावर, तिकडच्या पाहुण्यांच्या नावाने बेळगावात चालवत राहायचं. कायद्याने गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे विमा. खरेदीनंतर चौदा दिवसांत पॉलिसी तुमच्या नावावर करण्यासाठी कंपनीला कळवायचं असतं. तसं केलं नाही आणि हंगामात संकेश्वरच्या पुढे रात्री बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉलीला गाडी धडकली, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाण्याची दाट शक्यता असते. म्हणून एमएच गाडी घेताना मालकाकडून फॉर्म २८ चं ना हरकत प्रमाणपत्र, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हे सगळं हातात आल्यावरच शेवटचा हप्ता द्या. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा परतावा मागता येतो. तो कोणाला मिळणार हे सौद्याच्या चिठ्ठीतच लिहून घ्या.