पुस्तकाविना शाळा: दुबईतल्या एका ब्रिटिश शाळेबद्दल

शाळेचं नाव इथे लिहीत नाही. दोन्ही मुलं पुढच्या वर्षीही तिथेच जायची आहेत, तेव्हा गेटवर हसून ‘गुड मॉर्निंग’ म्हणायची सोय ठेवलेली बरी. दुबईत, अल बरशाच्या बाजूला, ब्रिटिश अभ्यासक्रमाची, एफएस-वनपासून, म्हणजे आपल्या नर्सरीपासून, इयर १३पर्यंतची शाळा, एवढं पुरे. लेक आधी इथल्याच एका सीबीएसई शाळेत होती. जुलैमध्ये तिचं इयर ४ संपलं, म्हणजे आपल्या हिशेबाने तिसरी. धाकट्याचं इयर १ झालं.

सीबीएसईतून येणाऱ्या घराला पहिला धक्का बसतो तो पुस्तकांचा. पाठ्यपुस्तकंच नाहीत. ऑगस्टअखेर शाळा सुरू होते, दप्तरात पाण्याची बाटली, डबा, टोपी आणि एक वाचनाची डायरी. कव्हरं घालायची नाहीत, लेबलं चिकटवायची नाहीत. सासूबाई इथे राहायला आल्या होत्या. त्यांनी दप्तर उघडून पाहिलं आणि विचारलं, “अगं, हिला काय शिकवतात ते कळायचं कसं?” मला वाटतं या शाळेबद्दल विचारण्यासारखा हाच एक प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर शाळेकडे अर्धंच आहे.

अर्धं उत्तर असं. दर सत्राच्या सुरुवातीला एक पानी तक्ता येतो: विज्ञानात विद्युत परिपथ (सर्किट), इतिहासात रोमन, भूगोलात नद्या. मग आठवडाभर अ‍ॅपवर फोटो येत राहतात. मुलं बॅटरीला वायर जोडताहेत, मुलं पुठ्ठ्याच्या ढाली घेऊन रोमन सैनिक झालीत. फोटोंत सगळे आनंदी. पण विद्युत परिपथ आपल्या मुलीला कळला का, हे फोटोवरून समजत नाही. वह्या शाळेतच राहतात आणि पालकांना दिसतात त्या पालकभेटीच्या दिवशी, तेही शिक्षिकेशी बोलायच्या दहा मिनिटांत जमेल तेवढ्या.

आता कौतुक, कारण ते मनापासून आहे. वाचन ही शाळा फार सुंदर शिकवते. धाकट्याला ए-बी-सी-डी पाठ करायला लावलीच नाही. आधी स, अ, ट, प, इ, न हे सहा ध्वनी, आणि तेवढ्यावर लगेच सॅट, पिन, टॅप असे शब्द वाचायला सुरुवात. वाचनाच्या पुस्तकांना रंगांच्या पायऱ्या आहेत: गुलाबी, लाल, पिवळा, निळा, हिरवा, नारिंगी, असं चढत चढत लाइमपर्यंत. रोज रात्री दहा मिनिटं वाचून घ्यायचं आणि डायरीत सही करायची, गृहपाठ म्हणावा तर एवढाच. इयर १च्या शेवटी ध्वनींची चाळीस शब्दांची तपासणी होते. त्यातले वीस शब्द खरे, वीस निरर्थक, आणि निरर्थक शब्दांशेजारी एक विचित्र प्राण्याचं चित्र. शब्द पाठ करून वाचणारं मूल तिथे अडकतं, ध्वनी जोडून वाचणारं अडकत नाही. धाकटा सगळे वाचून आला आणि आठवडाभर आम्हाला त्या प्राण्यांच्या नावांनी हाका मारत होता.

बोलण्याचंही तसंच. जुन्या शाळेत बाकाखाली बघून उत्तर देणारी माझी मुलगी आता असेंब्लीत माइकसमोर उभी राहते. वर्गात कुणाचं म्हणणं पटलं नाही तर ‘पटलं नाही, कारण…’ असं पूर्ण वाक्य बोलायला लावतात. घरी त्याचा त्रास होतो, ते वेगळं.

गणितात मात्र माझं आणि शाळेचं पटत नाही. बावन्नातून सत्तावीस वजा करायला तिला उभी मांडणी येत होती. इथे आल्यावर तिला संख्यारेषेवर उड्या मारायला लावल्या: सत्तावीसपासून तीसपर्यंत तीन, तीसपासून पन्नासपर्यंत वीस, मग दोन, एकूण पंचवीस. यात संख्येची समज वाढते, मान्य. ती आता तोंडी हिशेब माझ्याहून पटकन करते. पण सराव कमी. एका प्रकारची चार-पाच गणितं झाली की पुढचा विषय. आपल्याकडे एका पानावर वीस असतात, आणि त्या विसांतली शेवटची दहा कंटाळवाणी असली तरी हात बसतो तो तिथेच.

पाढ्यांचं गमतीशीर आहे. इंग्लंडमधल्या सरकारी शाळांत इयर ४च्या जूनमध्ये संगणकावर पाढ्यांची चाचणी होते: पंचवीस प्रश्न, प्रत्येकी सहा सेकंद, बारा बारेपर्यंत. तशीच इथेही घेतात. वर्गात सगळ्यांची धांदल. आमच्या लेकीला आजीने ‘बे एके बे’पासून चालीवर पाढे पाठ करून दिलेले. ती मनात ‘सात सक्कं बेचाळीस’ म्हणते आणि ४२ दाबते. शिक्षिकेने विचारलं, घरी कुठलं अ‍ॅप वापरता? काय सांगणार!

तक्रार प्रगतिपुस्तकाची. मार्क नाहीत, हे ठीक. पण ‘अपेक्षित पातळीकडे वाटचाल’, ‘अपेक्षित पातळीवर’, ‘अधिक सखोल’ या तीन शेऱ्यांत वर्षभराचा हिशेब बसवतात. दोन सत्रं गणितापुढे मधला शेरा होता. तिसऱ्या सत्रात एकदम ‘वाटचाल’ सुरू झाली, म्हणजे शेरा एक पायरी खाली आला. विचारल्यावर कळलं की घड्याळ आणि अपूर्णांक हिवाळ्यापासूनच कच्चे होते, शाळेतल्या संगणकात त्याची नोंद होती आणि ‘आम्ही तिला वर्गात मदत करत होतो’. करत असतील. मला सांगितलं असतं तर मीही केली असती. ईमेलला उत्तर दोन कामाच्या दिवसांत येतं, अतिशय गोड भाषेत, आणि त्यात बहुधा काहीच नसतं.

शिक्षकही टिकत नाहीत. ब्रिटनमधून दोन वर्षांच्या करारावर तरुण मुलं-मुली येतात, छान शिकवतात आणि एका जुलैत सामान आवरून जातात. लेकीचे सगळ्यांत चांगले सर असेच गेले.

प्रवेश घेताना बहुतेक जण केएचडीएचा शेरा बघतात. दुबईतल्या खासगी शाळांवर देखरेख ठेवणारं हे सरकारी खातं, शाळांना ‘आउटस्टँडिंग’पासून ‘व्हेरी वीक’पर्यंत सहा पायऱ्यांत बसवतं. आमची ‘व्हेरी गुड’. अहवाल पूर्ण वाचा, तो कामाचा असतो, पण तारीख आधी बघा. गेटवरचा फलक ज्या तपासणीचा असतो, त्या वेळचे मुख्याध्यापक कधीच दुसरीकडे गेलेले असू शकतात. काही शाळांची ब्रिटिश सरकारने मान्य केलेल्या संस्थांकडून वेगळी तपासणीही होते, तो अहवाल मिळाला तर तोही वाचावा.

पैशांचं बोलू. आमच्या शाळेची प्राथमिकची फी पन्नास हजार दिरहमच्या वर आहे आणि इयर वाढेल तशी चढते. कोणत्या इयरला किती हे केएचडीएच्या संकेतस्थळावर शाळेगणिक दिलेलं असतं, त्यामुळे लपवाछपवी नाही. फीवाढही शाळेच्या मनाने होत नाही, दरवर्षी सरकार मर्यादा ठरवून देतं. पण बस वेगळी, गणवेश वेगळा आणि शिकवणीच्या फीवर नसलेला पाच टक्के व्हॅट त्या गणवेशावर आहे. पोहण्याचा टॉवेल, पुस्तकदिनाचा पोशाख, सहल, दुपारचे क्लब. आमच्या घराकडून, नहदाहून, बरशापर्यंत बस सकाळी जेवढा वेळ घेते तेवढ्यात पुण्याहून लोणावळा यावं. बसमध्ये मदतनीस बाई असतात, त्या मात्र चांगल्या आहेत, धाकटा झोपला की उठवून हातात दप्तर देतात.

डब्याचं आधीच सांगून ठेवते. शाळेत शेंगदाणे आणि सुकामेव्याला पूर्ण बंदी आहे. म्हणजे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी नाही, शेंगदाण्याची चटणी नाही, भरली वांगी नाहीत, चिक्की तर नाहीच. एकदा कोशिंबिरीतल्या कुटावरून फोन आला होता. ज्या मुलांना अ‍ॅलर्जी आहे त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे, त्यामुळे तक्रार नाही. पण मराठी घराचा अर्धा डबा कुटावर उभा असतो हे मला तेव्हा कळलं. आता थालीपीठ, घावन, इडली आणि खोबरं.

अरबी सगळ्यांनाच शिकावी लागते, अरब नसलेल्या मुलांनाही इयर १०पर्यंत. लेक दुकानांच्या पाट्या वाचते, बोलता मात्र फारसं येत नाही. मराठीचं काय, असं कोणी विचारेल, तर ते घरीच.

आमच्यासारख्या, कधी परत जाऊ हे ठरलेलं नसलेल्या कुटुंबांनी इयर ९नंतरचा विचार आत्ताच करावा. प्राथमिकपर्यंत ही शाळा मी डोळे मिटून सुचवेन. पुढे इयर १० आणि ११ (आपली नववी-दहावी) मिळून जीसीएसई किंवा आयजीसीएसई ही बोर्डाची परीक्षा होते, मग दोन वर्षं ए लेव्हल, आपल्या अकरावी-बारावीसारखं, बहुतेक मुलं तीनच विषय घेतात. भौतिक, रसायन, गणित घेऊन भारतात अभियांत्रिकीला जाता येतं, पण जेईईचा अभ्यासक्रम वेगळा, त्यासाठी बाहेर क्लास लावावाच लागतो. आणि इयर १०च्या मधोमध परत जायची वेळ आली तर मूल दहावी बोर्डासमोर एकदम उभं राहतं. आम्ही इयर ८ला ठरवू असं नवऱ्याचं म्हणणं आहे. माझं म्हणणं, इयर ६लाच.

शाळा बघायला गेलात तर तुम्हाला तरण तलाव, नाट्यगृह आणि थ्रीडी प्रिंटर दाखवतील. बघा, छान आहेत. मग इयर ३ किंवा ४च्या कोणत्याही मुलाची गणिताची वही मागा, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत चाळा आणि चुकलेलं गणित पुन्हा करून घेतलंय का ते बघा. या वर्षी किती वर्गशिक्षक नवीन आहेत हेही विचारा. उत्तर आकड्यात आलं तर चांगली शाळा.