गाडीला आयपॉड जोडायला गेलो आणि चालू स्टिरिओ घालवून बसलो

गाडीत म्युझिक सिस्टीम बदलायच्या विचारात जे कोण असतील त्यांनी आधी हे वाचा आणि मग दुकानात जा. माझे १५,००० रुपये गेले, पण त्याहून जास्त जीवाला लागलंय ते म्हणजे कंपनीचा चांगला चालू सेट स्वतःच्या हातानं देऊन आलो, आणि सगळं कशापायी तर दीडशे रुपयाच्या वायरीपायी. दुकानाचं नाव लिहीत नाही, तक्रार टाकलेली आहे.

आम्ही निपाणीकडचे. आमचे आज्जा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या काळात टेपरेकॉर्डर समोर ठेवून त्यांची भजनं कॅसेटवर घेतली होती, अकरा कॅसेटी आहेत. आज्जा जाऊन आता वीस वर्षं होऊन गेली. पुण्याच्या चुलतभावानं त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून त्याच्या जुन्या आयपॉड क्लासिकमध्ये, म्हणजे अ‍ॅपलच्या गाणी वाजवायच्या छोट्या यंत्रात, भरून दिल्या, सोबत भीमसेन जोशी, आणि आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व, अशी आप्पांच्या आवडीची शेकडो गाणी. हा आयपॉड अ‍ॅपलनं २०१४ सालीच बंद केला, पण आप्पांना टचचा मोबाईल अजून जमत नाही आणि ते गोल चाक फिरवायला बरोबर जमतं, त्यामुळं तो आमच्या घरात सोन्यासारखा जपलेला आहे.

गाडी सेकंडहँड, २०१४ची स्विफ्ट डिझेल, केए २३ म्हणजे चिक्कोडी पासिंग. डॅशबोर्डमध्ये कंपनीचा सेट, सीडी, यूएसबी आणि ऑक्सचं, म्हणजे बाहेरचं यंत्र वायरीनं जोडायचं, भोक. आप्पांना बेळगावला डोळ्याच्या दवाखान्यात महिन्यातनं एकदा न्यावं लागतं, म्हटलं वाटेत त्यांना आज्जांची भजनं ऐकवू. घरात एक ऑक्स वायर पडलेली होती ती लावली.

तर झालं काय, की नवीन गाण्यात वाजंत्री ऐकू यायची पण गाणारा कुठंतरी विहिरीच्या तळातून गातोय असं वाटायचं, आणि आज्जांच्या भजनांना तर काहीच आवाज नाही. स्क्रीनवर गाणं पुढं सरकतंय, सेकंद चालू आहेत, स्पीकर गप्प. आप्पा म्हणाले, कॅसेटी खराब झाल्या असतील रे, राहू दे. त्यांचं तोंड बघून मला कसंतरी झालं. आणखी एक गंमत अशी की आयपॉड सिगारेट लायटरच्या चार्जरला लावला की भजनं यायची, पण मागं कुंईं असा आवाज, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तो पण चढायचा. हे नीट लक्षात ठेवा, कारण खरं उत्तर ह्यातच होतं आणि मला ते कळलं नाही. मी समजलो सेटच गेलाय.

पुढच्या खेपेला दवाखाना झाल्यावर चारच्या सुमाराला एका कार ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो. मालक लई गोड बोलला. "या की दादा, आप्पांना आत बसवा, ऊन लई आहे, चहा सांगतो." निपाणीचे म्हटल्यावर आणि सलगी, माझी मावशी तिकडंच दिलीय वगैरे. बेळगावात कुणी एवढं आपुलकीनं मराठीत बोललं की आपण विरघळतो, आपलाच माणूस म्हणून विश्वास टाकतो. मी पण टाकला.

त्यानं आयपॉड लावून बघितला, मान हलवली आणि म्हणाला, "दादा, ह्या सेटचं ऑक्सचं सर्किट जळालंय. आणि चालू असतं तरी आयपॉडला हा सेट चालतच नाही, अ‍ॅपलचं लॉक असतंय." मी म्हटलं दुसरी वायर लावून बघा की. त्यानं आपली नवी कोरी वायर आणली, लावली, परत तेच, आज्जा गप्प. आता मला सांगा, दोन वेगवेगळ्या वायरींना तोच प्रकार दिसल्यावर कोण संशय घेणार?

मग अँड्रॉइड सेट दाखवला. मोठी स्क्रीन, नावाजलेल्या कंपनीचं नाव वर छापलेलं, बॉक्सवर आयपॉड सपोर्टचा स्टिकर, सेटिंगमध्ये उघडून दाखवलं, अँड्रॉइड १३, ८ जीबी रॅम, १२८ जीबी मेमरी. सेटचे १३,५००, स्विफ्टच्या डॅशबोर्डची फ्रेम १,४००, फिटिंग ८००. जुना सेट "भंगारात जाणार, पण तुम्ही आपले म्हणून ७०० कट करतो". बिलाचं विचारलं तर म्हणाला बिल पाहिजे तर जीएसटी वेगळा लागेल, वॉरंटी मी तोंडी देतोय की, मी कुठं पळून जातोय. ५,००० यूपीआयनं दिले, १०,००० रोख. एका व्हिजिटिंग कार्डाच्या मागं पेनानं रक्कम लिहून दिली, बस.

फिटिंग करताना मी आप्पांजवळ बसलो होतो. हीच माझी दुसरी चूक. दुकानातल्या पोरानं कंपनीचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, कापला आणि वायरी पिळून टेप मारली. स्विफ्टसारख्या गाडीला तयार कपलर मिळतो, एका बाजूनं गाडीच्या सॉकेटात बसतो आणि दुसऱ्या बाजूनं नव्या सेटला, एकही वायर कापावी लागत नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर हात धरला असता.

सेट बसला, आयपॉड यूएसबीला लावला. चार्जिंगची खूण आली, गाणं काही नाही. "अपडेट व्हायला लागतंय, उद्या चालू होईल." मग म्हणाला ब्लूटूथनं जोडा. अहो आयपॉड क्लासिकला ब्लूटूथच नाही, त्यात ते कधी दिलंच नव्हतं. शेवटी एक एफएम ट्रान्समीटर हातात ठेवला, हा फ्री घ्या म्हणून. अंधार पडायला आलेला, आप्पा दमलेले, निघालो. हा ट्रान्समीटर लायटरच्या सॉकेटात बसतो आणि आयपॉडचा आवाज रेडिओच्या एखाद्या रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर सोडतो, पण गाव बदललं की रिकामी जागा बदलते. काकतीला लावलेली फ्रिक्वेन्सी हत्तरगी टोलला खरखरायला लागली, तवंदी घाटात कोल्हापूरचं स्टेशन भजनाच्या मध्ये घुसलं. आप्पा म्हणाले बंद कर, डोकं उठलंय.

चौथ्या दिवशी सकाळी गाडी चालूच होईना. स्टार्टर टक् करून थांबतोय. शेजाऱ्याच्या बॅटरीवरून जंप केली, दोन दिवसांनी परत तेच. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला बॅटरी जुनी झाली असणार, या, नवीन बॅटरी माझ्याकडं आहे, कमी रेटनं देतो. इथं मात्र माझ्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी खटकलं.

कुणीतरी संकेश्वरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनचं सांगितलं. वयस्कर माणूस, कानडी बोलणारा, मराठी मोडकंतोडकं, माझं कानडी त्याहून मोडकं, पण कामाचं सगळं बोलणं झालं. "एन आगेत्री?", म्हणजे काय झालंय, म्हणून विचारलं आणि माझं सगळं पुराण शांतपणे ऐकून घेतलं. मग बॅटरीची निगेटिव्ह काढून मध्ये मल्टीमीटर लावला. गाडी बंद, चावी खिशात, दारं बंद, तरी ४२० मिलीअँपिअर करंट जातोय. चांगल्या गाडीला हा आकडा ५० च्या आत पाहिजे. ५० अँपिअर-अवरची बॅटरी धरली तरी हिशोब करा, पाच दिवसांत ठार रिकामी, आणि डिझेल इंजिन फिरवायला जोर लागतो म्हणून ती तीन-चार दिवसांतच हात टेकते.

त्यानं सेट बाहेर काढून दाखवला. सेटला पिवळी वायर असते तिला बॅटरीचा कायमचा १२ व्होल्ट लागतो, घड्याळ आणि सेटिंग लक्षात राहायला. लाल वायर चावीवर चालणारी, चावी काढली की सेट झोपला पाहिजे. त्या पोरानं लाल आणि पिवळी एकत्र पिळून कायमच्या सप्लायला लावली होती. स्क्रीन काळी व्हायची पण सेट आत रात्रभर जागा. वर फ्यूज पण १० अँपिअरचा लाल काढून २० चा पिवळा घातलेला. म्हणजे शॉर्ट झाला असता तर फ्यूज उडायच्या आधी वायर तापली असती. गाडीत आप्पा बसतात हो माझे! ते ऐकल्यावर माझे हातपाय गार पडले.

मग त्यांनी विचारलं, पण जुना सेट काढला कशाला? मी गाणारा गायब व्हायचा ते सांगितलं. त्यांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातली माझी जुनी ऑक्स वायर घेतली. ऑक्सच्या पिनवर दोन काळ्या रिंगा असतात, म्हणजे तीन भाग, टोक डाव्या स्पीकरचं, मधला भाग उजव्याचा, मागचा ग्राउंड, म्हणजे दोन्हींची परतीची वाट. मल्टीमीटर बीपवर ठेवला, जोड असला की तो वाजतो. टोकाला टोक, बीप. मधल्याला मधला, बीप. मागच्याला मागचा, काहीच नाही. "ग्राउंड इल्ल री," म्हणजे ग्राउंडच नाही, एवढंच म्हणाले.

ग्राउंड तुटला की स्पीकरला डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो. गाणाऱ्याचा आवाज दोन्हीकडं सारखा असतो म्हणून तो कटतो, वाद्यं डावी-उजवीकडं कमी-जास्त असतात म्हणून ती उरतात. आणि आज्जांची भजनं एका माइकवर घेतलेली, मोनो, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, सारख्यातून सारखं गेलं की शिल्लक शून्य. चार्जर लावल्यावर भजनं यायची ती ह्यासाठी की ग्राउंड चार्जरमधून फिरून मिळायचा, आणि त्याच वाटेनं अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या यंत्राची, कुंईं पण आत यायची. माझ्या सेटला काही झालेलंच नव्हतं!

मी विचारलं, मग त्याच्या नव्या वायरीला पण तेच कसं झालं? त्यांनी आपल्या टेबलावरच्या ॲम्प्लिफायरला चांगल्या वायरीनं माझा आयपॉड लावला. आज्जांचा पखवाज खणखणीत वाजला, आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. मग त्यांनी पिन भोकातून जराशी, तीनेक मिलिमीटर, मागं ओढली. पखवाज गप्प. परत दाबली, चालू. दुकानदारानं पिन पूर्ण आत दाबलीच नव्हती. मला तिथं रडायला आलं, राग पण तेवढाच आला.

लाल-पिवळी वेगळी करून, १० चा फ्यूज घालून त्यांनी ४०० रुपये घेतले. सेटच्या मागं ऑक्सच्या लाल-पांढऱ्या पिना होत्या, तिथून वायर पुढं काढून आयपॉडही लावून दिला. दुकानात हे पाच मिनिटांत झालं असतं, पण मग जुना सेट पण चालतोय हे उघड झालं असतं ना. भाच्यानं सेटमध्ये हार्डवेअर दाखवणारं ॲप टाकून बघितलं, रॅम १ जीबी, मेमरी १६, अँड्रॉइड ८.१. सेटिंगमध्ये दिसणारे आकडे नुसते लिहून ठेवलेले. त्यामुळं दुकानात सेटिंगचं पान दाखवून कुणी पटवत असेल तर पैसे द्यायच्या आधी तिथंच असं ॲप टाकायला लावा, नाही म्हणाला तर उठा.

तरी मी म्हणत होतो की त्याचं चुकलं असेल, मुद्दाम केलं नसेल. पण महिन्याभरानं निपाणीच्या एका मित्राला त्याच्या स्विफ्टला सेट पाहिजे होता, त्यानं त्याच दुकानात विचारलं, तर व्हॉट्सॲपवर फोटो आला. "ओरिजिनल कंपनीचा, ऑक्स यूएसबी सगळं चालू, ४,५००." सीडीच्या तोंडाशी डावीकडं आडवा ओरखडा, माझ्या पोरीनं लहानपणी नाणं घालताना पाडलेला. माझाच सेट.

दुसऱ्या दिवशी गेलो. सेट विकला म्हणाला. वायरिंगचं विचारलं तर गॅरंटी सेटची, फिटिंगची नाही. सेटच्या आकड्यांचं विचारलं तर कंपनीला विचारा. आवाज चढवला तर दोन पोरं येऊन उभी राहिली, आणि मावशीचा विषय काही निघाला नाही.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. मिटलं नाही तर बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, घटनेपासून दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखापर्यंतच्या मालाला फी नाही. माझी बाजू लंगडी आहे ती बिल नसल्यामुळं. १०,००० रोख दिल्याचा कागद म्हणजे ते व्हिजिटिंग कार्ड, त्यावर सही पण नाही. ५,००० चं यूपीआय, मित्राला आलेला तो फोटो आणि संकेश्वरच्या काकांनी काढू दिलेले कापलेल्या कपलरचे फोटो, एवढंच हातात आहे. १८ टक्के जीएसटी वाचवायला गेलो होतो मी.

आणि एक विनंती. गेल्या दोन-तीन महिन्यांत बेळगावातून कुणी स्विफ्टचा कंपनीचा जुना सेट घेतला असेल आणि त्याच्या सीडीच्या तोंडाशी डावीकडं आडवा ओरखडा असेल, तर कृपा करून सांगा. तुमच्याकडून सेट परत मागणार नाही, तुम्ही पैसे देऊन घेतलाय. फक्त किती रुपयाला आणि कुठल्या तारखेला घेतला तेवढं लिहून द्या, माझ्या तक्रारीला जोडायचं आहे.