केंब्रिजच्या मार्क स्कीमनं पेपर तपासताना: वर्षभराचा अनुभव

पुण्यात घरीच मी अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते. राज्य मंडळाची मुलं असतात, तशी इंटरनॅशनल शाळांतली ए लेव्हलचीही (ए लेव्हल म्हणजे ब्रिटिश पद्धतीची, बारावीच्या तोडीची परीक्षा). गेल्या जूनपासून दोन्ही गटांना मी केंब्रिज इंटरनॅशनलच्या ९७०९ या अभ्यासक्रमाचे प्युअर मॅथेमॅटिक्सचे जुने पेपर सोडवायला देते आणि त्याच पेपरांच्या अधिकृत मार्क स्कीमनं, म्हणजे कुठल्या पायरीला किती गुण द्यायचे हे सांगणाऱ्या छापील तक्त्यानं, तपासते. सुरुवात ए लेव्हलच्या मुलांची तयारी म्हणून झाली. दिवाळीपर्यंत मात्र माझं मत पक्कं झालं होतं: गणिताचं उत्तर नीट लिहायला शिकवणारं इतकं काटेकोर साधन मी आजवर वापरलेलं नाही, आणि त्याचा फायदा बारावीच्या मुलांना जास्त होतोय.

ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पेपर १ आणि पेपर ३ हे दोन प्युअरचे मोठे पेपर, प्रत्येकी ७५ गुणांचे, वेळ १ तास ५० मिनिटं. प्रत्येक गणिताचे गुण तीन जातींत वाटलेले असतात. एम म्हणजे पद्धतीचा गुण. ए म्हणजे अचूकतेचा, आणि तो संबंधित एम मिळाला असेल तरच मिळतो. बी हा स्वतंत्र, एखादा निकाल किंवा विधान बरोबर लिहिल्याबद्दल. अर्धा गुण कुठेच नाही. आकडेमोडीत घसरलात तरी एम जात नाही. पण नुसतं सूत्र लिहून ठेवल्यानं तो सहसा मिळतही नाही, सूत्र त्या गणिताला लावून दाखवावं लागतं. या शेवटच्या नियमानं बारावीच्या मुलांना पहिले काही आठवडे फार छळलं. ‘काही सुचलं नाही तर निदान सूत्र तरी लिहून ये’ हे त्यांनी शाळेपासून ऐकलेलं असतं.

एक गणित जवळून दाखवते. मूळ पेपरातलं नाही, त्याच धर्तीवर मी घातलेलं. क्ष² लॉग क्ष (लॉगचा पाया ई) याचं १ ते ई या मर्यादांमधलं इंटिग्रेशन (२ई³ + १)/९ येतं हे दाखवा. गुण ५. बाय पार्ट्स (गुणाकाराचं इंटिग्रेशन करायची पद्धत) वापरून ‘क्ष³ लॉग क्ष’ची एक राशी आणि ‘क्ष²’चं उरलेलं इंटिग्रेशन अशा आकारापर्यंत पोचलं की एम१, म्हणजे पद्धतीचा एक गुण. ते अचूक असेल तर ए१. पुढचं इंटिग्रेशन पुरं करून (क्ष³/३) लॉग क्ष − क्ष³/९ मिळालं की आणखी ए१. दोन्ही मर्यादा घातल्या की एम१. आणि दिलेल्या उत्तरापर्यंत कुठेही न घसरता पोचलं की शेवटचा ए१.

एका मुलाच्या पेपरात तिसऱ्या ओळीपर्यंत सगळं चोख होतं. मर्यादा घालताना त्यानं ई³/३ − (ई³ + १)/९ असं लिहिलं. कंसात वजा हवा होता. त्यातून (२ई³ − १)/९ येतं, आणि तेच आलंही होतं. मग वजाच्या चिन्हावर एक उभी रेघ, आणि वजाचा अधिक. उत्तर छापलेल्या उत्तराशी तंतोतंत जुळतं, आणि घाईत तपासणारा पाचपैकी पाच देऊन पुढच्या पानावर जातो. ज्या गणितात उत्तर आधीच दिलेलं असतं तिथे स्कीममध्ये तशी खूण असते. तिचा अर्थ, तपासणाऱ्यानं शेवटची ओळ सोडून तिच्या आधीची ओळ वाचायची. त्याला चार मिळाले. त्या दिवशी मी तो पेपर नाव झाकून फळ्यावर मांडला आणि सगळ्यांना विचारलं की हे उत्तर कुठल्या ओळीतून आलं. कुणालाच ओळ दाखवता येईना. ‘दाखवा’ या प्रकारच्या गणितात नेमकं काय दाखवायचं असतं, हे मी कित्येकदा सांगूनही पोचलं नव्हतं ते तेव्हा पोचलं.

त्याच गणितात एका मुलीनं बाय पार्ट्सनं सुरुवातच केली नाही. लॉग क्ष = त असं घेऊन तिनं मर्यादा ० ते १ केल्या आणि त गुणिले ई चा ३त वा घात याचं इंटिग्रेशन केलं. पुढे बाय पार्ट्स लागलंच, पण मर्यादा इतक्या सोप्या झाल्या की चिन्हाची चूक व्हायला जागाच उरली नाही. केंब्रिजचा सर्वसाधारण नियम असा की प्रश्नात विशिष्ट पद्धत सांगितली नसेल तर कुठल्याही बरोबर पद्धतीला पूर्ण गुण. पाचही गुण तिचे.

आता मुख्य प्रयोग. सप्टेंबरपासून मी मुलांनाच तपासायला बसवते. सोडवलेल्या उत्तरांच्या झेरॉक्स काढायच्या, नावं झाकायची, एक उत्तर तिघांना द्यायचं, आणि तिघांनी एकमेकांशी न बोलता प्रत्येक ओळीसमोर एम, ए, बी किंवा शून्य लिहायचं. मग तिघांचे आकडे शेजारी मांडायचे. जिथे ते जुळत नाहीत तिथे चर्चा. पूर्वी मी स्वतः तपासून लाल शेरे मारून पेपर परत द्यायचे, तेव्हा मुलं एकूण गुण बघून पेपर बॅगेत टाकायची. आता एका गुणावरून अर्धा तास हमरीतुमरी चालते, आणि ती सगळी गणितावरच असते.

मुलं तपासनीस म्हणून फार कठोर असतात. अक्षर वाईट म्हणून गुण कापतात, उत्तराखाली रेघ नाही म्हणून कापतात. स्कीम त्यांना हे करू देत नाही. गुण द्यायचे ते केलेल्या कामाचे. राहून गेलेल्याची किंवा चुकलेल्याची वेगळी वजाबाकी करायची नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. प्रश्नातला आकडा चुकीचा उतरवून घेतला, पण गणिताची काठिण्यपातळी आणि पद्धत बदलली नाही, तर मिळवलेले सगळे गुण देऊन फक्त एक ए किंवा बी कमी करायचा. आपल्याकडच्या मुलांना हा नियम आधी खरा वाटत नाही.

सगळ्यात जास्त वाद झाला तो फॉलो थ्रूवर. (५क्ष + १) भागिले (१ − क्ष)(१ + २क्ष) याचे पार्शल फ्रॅक्शन करा (म्हणजे दोन साध्या अपूर्णांकांत फोडा), आणि मग क्ष² पर्यंत विस्तार लिहा. बरोबर उत्तर २/(१ − क्ष) − १/(१ + २क्ष), आणि विस्तार १ + ४क्ष − २क्ष². एकानं दुसऱ्या अपूर्णांकाचं चिन्ह अधिक काढलं आणि पुढचा विस्तार त्याच्या परीनं निर्दोष केला: ३ + ६क्ष². फॉलो थ्रू म्हणजे आधीच्या भागातली चूक पुढे तशीच आली असेल, पण पुढचं काम योग्य असेल, तर स्कीममध्ये जिथे परवानगी आहे तिथे पुढचे गुण द्यायचे. म्हणजे प्रत्येक अपूर्णांकाच्या विस्ताराचे गुण त्याला मिळाले, अंतिम उत्तराचा गेला. गटातल्या दोघांना हे अजिबात पटेना, चुकीच्या उत्तराला मार्क कसे! मग एकीनं फळ्याजवळ जाऊन मूळ राशीत क्ष = ० घातलं. १ आलं. त्याच्या विस्तारात ३ येत होतं. ‘हे त्यानं बघितलं असतं तर चूक लगेच सापडली असती,’ असं ती म्हणाली, आणि तेव्हापासून प्रत्येक विस्ताराखाली शून्य घालून ताळा बघायची सवय गटाला लागली. ती सवय मी फळ्यावरून सांगून लागली नसती.

कॅल्क्युलेटरचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. आपल्या बारावीच्या पेपरात कॅल्क्युलेटरला परवानगी नाही, लॉग टेबल चालतं. इथे सायंटिफिक कॅल्क्युलेटर चालतो, पण नुसतं कॅल्क्युलेटरवरून उचललेल्या उत्तराला गुण नाहीत अशी सूचना पेपरवरच छापलेली असते. क्ष³ − क्ष − २ = ० याचं मूळ दोन दशांश स्थळांपर्यंत काढा, सूत्र क्ष + २ चं घनमूळ, सुरुवात १.५ पासून, आलेलं उत्तर पुन्हा त्याच सूत्रात घालत जायचं. पायऱ्या १.५१८३, १.५२०९, १.५२१३ अशा जातात आणि उत्तर १.५२. हुशार मुलं कॅल्क्युलेटरची कळ पाच-सहा वेळा दाबतात आणि फक्त १.५२ लिहितात. स्कीमला चार दशांश स्थळांपर्यंतच्या पुरेशा पायऱ्या दिसायला हव्या असतात, नाहीतर १.५१५ आणि १.५२५ मध्ये राशीचं चिन्ह बदलतं हे दाखवलेलं हवं असतं. पहिल्या ठिकाणी साधारण −०.०३८ येतं, दुसऱ्या ठिकाणी ०.०२२. हे दुसरं दाखवणं मला जास्त आवडतं, कारण मूळ या दोन आकड्यांच्या मध्ये आहे याची ती खरी खात्री आहे. पायऱ्या स्थिरावल्यासारख्या दिसणं ही खात्री नव्हे.

आता खटकलेल्या गोष्टी.

स्कीम शिक्षकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी प्रसिद्ध केलेली असली तरी ती आतल्या माणसांच्या भाषेत आहे. जोडाक्षरांसारख्या संक्षेपांची यादी पाठ होईपर्यंत पान वाचताच येत नाही. तपासणी सुरू होण्याआधी परीक्षकांची बैठक होते आणि तिथे सीमेवरच्या उत्तरांबद्दल निर्णय होतात. ती चर्चा छापील स्कीममध्ये नसते, हे त्यांनी मुखपृष्ठावरच सांगून ठेवलेलं असतं. त्यामुळे ‘पुरेसं काम दाखवलं’ म्हणजे किती, हे अनेकदा आपल्यालाच ठरवावं लागतं. यावर अर्धा उपाय म्हणजे प्रिन्सिपल एक्झामिनरचा (मुख्य परीक्षकाचा) अहवाल. प्रत्येक प्रश्नावर मुलांनी काय केलं, कुठे घसरली, हे त्यात दोन-चार वाक्यांत असतं. मार्क स्कीम डाउनलोड करणारे खूप भेटतात, अहवाल वाचणारे फार कमी. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याशिवाय स्कीम पुरती कळत नाही असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. गुण इतके बारीक फोडले की मुलं गणिताकडे तुकड्यांनी बघायला लागतात. जानेवारीत मला दिसायला लागलं की काही जण ‘इथे एम मिळेल’ एवढ्यासाठी ओळी लिहीत होते, पुढे कुठे जायचंय याचा विचार नव्हता. पेपर ३ मधली बहुतेक गणितं भागांत मोडून दिलेली असतात, वाट जवळजवळ आखलेली असते. त्यामुळे ज्या मुलांना आयएसआयची (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची) किंवा चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा द्यायची आहे, त्यांना मी केवळ यावर ठेवत नाही. आयएसआयच्या बी.स्टॅट., बी.मॅथ. प्रवेशाच्या वर्णनात्मक पेपरात दोन तासांत आठ प्रश्न असतात आणि वाट स्वतः शोधावी लागते. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये सहा प्रश्न असतात आणि प्रत्येकाला सात गुण. तिथे अर्धवट उत्तराला गुण मिळवायचे तर सिद्धतेकडे नेणारं काही ठोस हाती लागलेलं असावं लागतं. आकडेमोडीचं पान भरून भागत नाही. म्हणून फेब्रुवारीपासून आठवड्यातून एकदा मी असा एक प्रश्न सातपैकी तपासते, एम-ए-बी पूर्ण बाजूला ठेवून. केंब्रिजच्या पद्धतीनं लिहायची शिस्त लागलेली मुलं इथे सिद्धताही नीट लिहितात, हे मात्र मला स्पष्ट दिसलं. एक पायरी का बरोबर आहे हे लिहिल्याशिवाय त्यांचा हात पुढे सरकत नाही.

राज्य मंडळाच्या मुलांच्या पालकांनी मला विचारलं की आमच्या ८० गुणांच्या पेपराला याचा काय उपयोग. मंडळाच्या तपासणीतही पायरीनुसार गुण असतातच. निकालानंतर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. मागच्या बॅचमधल्या एका मुलाची आम्ही एकत्र बसून पाहिली. जिथे दोन ओळी गाळल्या होत्या तिथेच गुण गेलेले. पण ते कळलं निकालानंतर. स्कीमनं तपासायची सवय असली की तेच परीक्षेआधी कळतं. शिवाय डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन, व्हेक्टर हे धडे दोन्हीकडे बरेच सारखे आहेत. मॅट्रिक्स आणि लॉजिक ९७०९ च्या प्युअरमध्ये नाहीत, तेवढं वेगळं करावं लागतं.

सुरू करणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. २०२० पासून अभ्यासक्रम बदलला, त्यामुळे त्याच्या आधीचे पेपर देताना नीट बघून द्या. व्हेक्टर तेव्हा पेपर १ मध्येही असत, आता पेपर ३ मध्ये आहेत, आणि पेपर १ मध्ये वर्तुळाचं समीकरण आलं आहे. काही संच अधिकृत संकेतस्थळावर मोफत मिळतात, बाकीचे शाळेच्या शिक्षकांच्या खात्यातून. भारतातल्या शाळांना मार्चमध्येही परीक्षा देता येते, त्यामुळे मार्चचे पेपरही शोधा. ग्रेडच्या सीमा प्रत्येक फेरीला बदलतात, म्हणून मुलांना ७५ पैकी आकडाच सांगा, ग्रेड सांगू नका. आणि पहिल्या दिवशी अख्खा पेपर देऊ नका. एकच पाच गुणांचं गणित, एकाच मुलाचं उत्तर, सगळ्यांच्या हातात त्याची झेरॉक्स आणि स्कीमचं ते एक पान, एवढ्यावर दीड तास आरामात जातो.