एका कानानं ऐकलेल्या तीन जॅझ एलपी: एला-लुई, एलिंग्टन आणि बेसी

माझ्या उजव्या कानाला जवळजवळ ऐकू येत नाही. लहानपणीच्या एका दुखण्यात तो गेला. त्यामुळे बाकीचे लोक रेकॉर्ड घेताना जे सगळ्यात शेवटी बघतात, ते मी आधी बघतो: मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज) आहे की स्टिरिओ (दोन बाजूंना वेगवेगळा), आणि स्टिरिओ असेल तर अस्सल की मागाहून बनवलेलं.

एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग या जॅझ गायकांची एकत्र गायलेली गाणी मी कित्येक वर्षं एका संग्रहातून ऐकत होतो. मूळ मोनो आवाज दोन भागांत फाडून तो स्टिरिओ केलेला होता. यात एका बाजूला वरच्या पट्टीचा भाग सोडतात, दुसरीकडे खर्जाचा, आणि एक बाजू किंचित उशिरा वाजवतात, म्हणजे आवाज पसरल्यासारखा वाटतो. हेडफोन लावले की माझ्या चांगल्या कानात एलाचे 'स' आणि 'त' टोचायचे आणि डबल बेस, म्हणजे खर्जाचं ते मोठं तंतुवाद्य, सगळाच्या सगळा बहिऱ्या बाजूला नाहीसा व्हायचा. अँप्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबावं तर आणखी वाईट. उशिरानं येणारा आवाज मुळातल्या आवाजाशी भांडतो, मधले काही सूर खाल्ले जातात आणि माणूस पत्र्याच्या डब्यातून गातोय असं वाटतं. एलाचं रेकॉर्डिंगच पातळ आहे, अशी माझी पक्की समजूत झाली होती. त्या चुकीचं मला आजही वाईट वाटतं.

मग 'एला अँड लुई'ची मोनो एलपी घेतली. सुई टेकवली आणि पहिल्याच गाण्यात डबल बेस वाजवणारा रे ब्राउन समोर उभा राहिला. तारेवरून बोट सुटताना होणारा तो लाकडी 'ठब्', त्यानंतरची गुंज, सगळं जागच्या जागी. रेकॉर्डिंग १६ ऑगस्ट १९५६ चं, हॉलिवूडमधल्या कॅपिटॉल स्टुडिओतलं. निर्माता नॉर्मन ग्रँझ. पियानोवर ऑस्कर पीटरसन, गिटारला हर्ब एलिस, ड्रम्सवर बडी रिच. एरवी धो धो वाजवणारे पीटरसन आणि रिच इथे इतके सांभाळून साथ करतात की रिचचे ड्रमवर फिरणारे ब्रश कापडावर हात फिरवल्यासारखे ऐकू येतात.

अकरा गाण्यांपैकी मी पुन्हा पुन्हा लावतो ते 'मूनलाइट इन व्हरमाँट'. या गाण्याच्या शब्दांत यमक नाही. ओळ मिटवायला यमकाचा आधार नसला की गाणाऱ्याला शेवटचा शब्द नुसत्या आवाजावर तोलून धरावा लागतो. एला तो सरळ धरते, अजिबात हलू देत नाही, आणि सोडताना शेवटचं व्यंजन इतक्या हळुवारपणे ठेवते की काचेचा पेला टेबलावर ठेवावा. लुई तीच ओळ घेतो तेव्हा शब्द खरखरीत होतात, थोडे मागे रेंगाळतात, आणि तरी ठेक्यावर बरोबर पोचतात. मोनोमध्ये हे दोघं एकाच जागेवरून, एकाच हवेत गातात. कोणी डावीकडे नाही, कोणी उजवीकडे नाही. कोण माइकच्या किती जवळ आहे, एवढाच काय तो फरक, आणि तो एका कानालाही पुरता कळतो.

दोष सांगायचा तर लयीचा. बहुतेक गाणी संथ किंवा मध्यम चालीची आहेत, त्यामुळे दोन्ही बाजू सलग ऐकल्या की दुसरीच्या मध्यावर लक्ष ढिलं पडतं. मी एका बैठकीत एकच बाजू ऐकतो. माझ्या प्रतीत 'अ फॉगी डे'च्या सुरुवातीला तीन-चार वेळा टिकटिक येते, धुऊनही गेली नाही. तरीही ही एलपी मी कुणाला देणार नाही.

ड्यूक एलिंग्टनचं 'अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर' (१९५९) हे ऑटो प्रेमिंजरच्या चित्रपटाचं संगीत, बिली स्ट्रेहॉर्नच्या साथीनं रचलेलं. काही तुकडे प्रसंगापुरतेच वाटतात, पडदा नसला की अर्धवट राहतात. पण 'फ्लर्टीबर्ड'मध्ये जॉनी हॉजेसचा आल्टो सॅक्सोफोन एका सुरावरून दुसऱ्यावर ज्या लाडानं घसरत जातो, त्यासाठी ही एलपी घरात हवी. पहिली खरेदी मात्र ही नको.

बिग बँडसाठी, म्हणजे जॅझच्या मोठ्या वाद्यताफ्यासाठी, काउंट बेसी, आणि बेसीची १९५८ साली आलेली, कव्हरवर अणुस्फोट असलेली एलपी. न्यूयॉर्कमध्ये ऑक्टोबर १९५७ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली, अकराच्या अकरा रचना नील हेफ्तीच्या. सुरुवातीच्या 'द किड फ्रॉम रेड बँक'मध्ये बेसीचा पियानो धावत सुटतो आणि अख्खा ताफा त्याच्यामागे. पण खरा जीव शेवटच्या 'लिल डार्लिन''मध्ये आहे. हेफ्तीनं ती रचना जलद चालीसाठी लिहिली होती, बेसीनं ती जवळजवळ विलंबितात नेली. इतक्या संथ लयीत एवढी वाद्यं एकत्र ठेवणं महाकठीण. ते सांभाळतो फ्रेडी ग्रीन. हा १९३७ पासून बेसीकडे, विजेशिवायची साधी गिटार, एका मात्रेवर एक छेड, बस्स. आवाज वाढवून त्याला शोधायला गेलात तर तो हरवतो. आवाज कमी करा, मग तो सापडतो: ब्रासच्या, म्हणजे पितळी फुंकवाद्यांच्या खाली, बेसला चिकटून.

ही एलपी मोनोतही आहे आणि अस्सल स्टिरिओतही. दोन्ही कान शाबूत असतील तर बेधडक स्टिरिओ घ्या, त्यात ताफ्याची मांडणी ऐकू येते. मीही तीच घेतली. रात्री हेडफोनवर 'लिल डार्लिन'' एकदा ऐकतो, मग सुई उचलून मागे ठेवतो, हेडफोन उलटे लावतो आणि पुन्हा ऐकतो. दुसऱ्या खेपेला उरलेला अर्धा ताफा भेटतो.