तपासली ती एक, घरी आली ती दुसरीच

फसवणूक म्हटलं की लोकांना ओटीपी आणि लिंक आठवते. मी नेरूळला एका घरात सोफ्यावर बसून, पोहे खाऊन १४,००० रुपयांना फसलो. आणि नवखा होतो म्हणून फसलो असंही नाही. अठरा वर्षं रेकॉर्ड जमवतोय. जे जे तपासायचं असतं ते सगळं तपासलं होतं.

रेकॉर्ड होती ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोची 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स', सत्तरच्या दशकाच्या अखेरची. 'ॲम्बियंट', म्हणजे भोवतालात विरघळून जाणारं संगीत, हे नाव मिरवणाऱ्या मालिकेतली पहिली. चार तुकडे आहेत, त्यांना नावंसुद्धा नाहीत, नुसते आकडे: १/१, २/१, १/२, २/२. आमच्या नौपाड्यातल्या घरी ती पहिल्यांदा लावली तेव्हा आई स्वयंपाकघरातून ओरडली होती, "अरे, रेकॉर्ड अडकली का बघ!" तिचं चुकलं नव्हतं. २/१ मध्ये फक्त माणसांचे आवाज आहेत, टेपच्या वेटोळ्यांवर फिरणारे. एक वेटोळं साडेतेवीस सेकंदांनी परत येतं, दुसरं जेमतेम सव्वीस सेकंदांनी, आणखी एक तिसाच्या किंचित आधी. त्यामुळे ते एकमेकांना तसेच्या तसे पुन्हा कधी भेटत नाहीत, आणि मध्ये मध्ये काहीच नसतं.

खरा मुद्दा त्या 'काहीच नसतं'चा आहे. जुन्या हिंदी गाण्याच्या रेकॉर्डवर थोडी खरखर असली तर ती ढोलकीखाली दबून जाते, उलट जुन्या काळचा वास आल्यासारखं वाटतं. इथे दबायला जागाच नाही. एक चट् झालं की कानाला टोचतं. म्हणून या प्रकारच्या रेकॉर्डमध्ये कव्हरपेक्षा तबकडीच्या प्रकृतीला जास्त पैसे पडतात. माझ्याकडे २०१८ ची, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत नव्याने तयार केलेली आवृत्ती आहे आणि ऐकायला ती पुरेशी आहे, हे आधीच कबूल करतो. पहिल्या प्रेसिंगची, म्हणजे मूळ पहिल्या छपाईच्या तबकडीची, होती ती हाव.

जाहिरातीत लिहिलं होतं, 'मामांचा संग्रह, मर्चंट नेव्हीत होते, जागा नाही म्हणून काढतोय.' नवी मुंबईत बोटीवर नोकरी केलेला मामा कुणाला नसतो? फोनवर शुद्ध मराठी, घाई अजिबात नाही. "विकत घेतलीच पाहिजे असं नाही, येऊन ऐकून तर जा." याच वाक्याला मी गार झालो. शनिवारी दुपारी ठाण्याहून पनवेल लोकल पकडली. बाहेर धो धो.

पन्नाशीचे गृहस्थ. टर्नटेबल बऱ्यापैकी, भिंतीला लागून दोन कपाटं भरून रेकॉर्ड. मी कव्हर पाहिलं: मागे बारकोड नाही, आणि तो असायलाही नको, कारण रेकॉर्डच्या कव्हरवर बारकोड सर्रास यायला लागला तो ऐंशीच्या दशकात. कॅटलॉग नंबर एएमबी ००१. तबकडी खिडकीपाशी तिरकी धरून पाहिली, केसाएवढी एक रेघ सोडली तर स्वच्छ. मधल्या भोकाभोवती लेबलवर टर्नटेबलची पिन घासल्याच्या खुणा जवळजवळ नाहीत, म्हणजे फार वाजलेली नाही. शेवटी रनआउट. सुई गाणं संपल्यावर जिथे फिरत राहते त्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेली, कुठली छपाई ते ओळखायची अक्षरं मोबाइलच्या टॉर्चखाली वाचली, डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या नोंदींच्या वेबसाइटशी ताडून पाहिली, फोटो काढला. जुळलं. लेबलच्या काठाला निळ्या बॉलपेनची छोटी टिकमार्क होती.

"मामा नवीन रेकॉर्ड आणली की अशी खूण करायचे," ते म्हणाले.

खरं सांगतो, मला भरून आलं. मग १/१ लावली. रॉबर्ट वायटचा पियानो, बाहेर पाऊस, हातात पोह्यांची बशी. पाच-सात मिनिटं कुणी बोललं नाही. एकही चट् नाही. मी म्हटलं, घेतली.

इथून पुढे त्याला 'तो' म्हणतो.

"पाऊस बघा कसला लागलाय. ओल लागली तर बुरशी धरेल. थांबा, व्यवस्थित गुंडाळून देतो." हे इतकं खरं होतं की पुढे विचारच झाला नाही. आपल्या हवेत रेकॉर्डवर बुरशीचे पांढरे ठिपके पडलेले कुणी पाहिले नाहीत? तो रेकॉर्ड आणि कव्हर घेऊन आतल्या खोलीत गेला. मी तेवढ्यात क्यूआर स्कॅन करून पैसे पाठवले. आतून पुठ्ठ्यावर खाकी टेप ओढल्याचा आवाज येत होता, टर्र, टर्र, आणि मी मनात म्हणत होतो, काय जपणारा माणूस आहे! दोन मिनिटांचं काम. चारी बाजूंनी चिकटवलेलं, वर प्लास्टिक. अशा सुबक पार्सलला तिथल्या तिथे कात्री कोण लावेल?

मी तर घरीही लावली नाही. ही रेकॉर्ड गोंगाटात ऐकायची नसते, म्हणून बुधवारच्या सुट्टीची पहाट राखून ठेवली. पाच वाजता पार्सल फोडलं. कव्हर तेच, हे मान्य. तबकडी उजेडात धरली आणि पोटात गोळा आला. बारीक ओरखड्यांचं जाळं. भोकाभोवती पिनेच्या खुणाच खुणा. रनआउटमधली अक्षरं वेगळी. निळी खूण नाही. तरी वाजवून पाहिली. २/१ मधल्या त्या शांत जागांत भजी तळल्यासारखा आवाज येत होता.

फोन केला. तो अजिबात चिडला नाही. "तुम्ही स्वतः पाहिलीत, फोटो काढलात. इथून गेल्यावर तुमच्याकडे काय झालं ते मला कसं कळणार? तुमच्याकडे दुसरी कॉपी आहे असं तुम्हीच म्हणाला होतात." म्हणजे मी ज्या फोटोच्या जिवावर होतो, तोच त्याचा पुरावा झाला. घरी पार्सल फोडतानाचा व्हिडिओ असता तरी थोडा जोर आला असता. मी केलाच नव्हता. समोरासमोरच्या व्यवहारात कोण करतं?

बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय, तुमच्याच संमतीने पैसे गेले. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तो चौथ्या दिवशी. तिथे तक्रार जितकी लवकर तितकी पैसे वाटेत अडकण्याची शक्यता जास्त. पोलीस ठाण्यात हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. "गाणी कुठली आहेत?" गाणी नाहीत, विमानतळासाठी केलेलं संगीत आहे, असं म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि आता खराब झालीय म्हणजे नेमकं काय ऐकू येतं?" शांततेत खरखर ऐकू येते, हे लिहून घ्यायला लावताना माझे मलाच कान गरम झाले. फसवणुकीचं कलम आता चारशेवीस राहिलेलं नाही, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ३१८ आहे, एवढं ज्ञान मात्र पदरात पडलं. तक्रार अर्ज घेतला. पण माझ्या शब्दासमोर त्याचा शब्द, त्यामुळे पुढे काही हललं नाही.

हललं ते ऑगस्टच्या शेवटी. डोंबिवलीच्या एका संग्राहकाशी दुसऱ्याच रेकॉर्डबद्दल बोलताना हा विषय निघाला आणि तो एकदम गप्प झाला. मग त्याने स्वतःच्या मोबाइलमधला फोटो पाठवला. जूनमधला, म्हणजे माझ्या आधी महिनाभराचा. तेच लेबल, केसाएवढी तीच रेघ, काठाला तीच निळी टिकमार्क. त्यालाही पोहे मिळाले होते. त्यालाही पावसापासून जपून बांधून दिलं होतं. घरी गेल्यावर निघाली खरखरीत तबकडी, आणि लाजेपोटी त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

म्हणजे चांगली कॉपी एकच. ती गळाला लावलेलं गांडूळ. विकली जाते ती दरवेळी दुसरीच, कुठून तरी स्वस्तात उचललेली. कव्हर मात्र खरंखुरं जातं, कारण तपासणारा माणूस घरी पोहोचल्यावर आधी कव्हर बघतो. अशी कव्हरं त्याच्याकडे किती आहेत कोण जाणे. आता दोघांचे फोटो तारखांसकट एकत्र जोडून पुन्हा अर्ज दिलाय.

माझी चूक तपासण्यात नव्हती. तपासणं आणि पैसे देणं यांच्यामध्ये दोन मिनिटं तबकडी माझ्या नजरेआड गेली, चूक तिथे झाली. आता मी स्वतःची प्लास्टिकची स्लीव्ह, पुठ्ठे आणि पिशवी घेऊन जातो. टर्नटेबलवरून रेकॉर्ड माझ्याच हाताने उतरते, माझ्याच स्लीव्हमध्ये जाते, पिशवी खांद्याला लागते आणि मग मोबाइल बाहेर येतो. समोरचा दुखावला तर दुखावला. कुरिअरने मागवली तर पत्त्याच्या चिठ्ठीपासून रनआउटपर्यंत एकच अखंड व्हिडिओ. आणि मामा, आजोबा, बोटीवरचे काका यांच्या गोष्टी ऐकायला हरकत नाही, पण परतीच्या लोकलमध्ये.

ती खरखरीत तबकडी अजून माझ्याकडे आहे. अर्जात तिचा उल्लेख असल्यामुळे टाकून देता येत नाही. निळ्या टिकमार्कची एएमबी ००१ तुम्हाला कुणी नेरूळ-सीवूड्सकडे दाखवली तर निवांत ऐका, पोहे खा, लेबल आणि रनआउटचा फोटो तारखेसकट काढून ठेवा आणि पैसे न देता निघा. अर्जाला तिसरा फोटो हवाय.