काळ्या रंगाखाली जुनाच पाइप

आमच्याकडे २००४ची मारुती ८०० आहे. बाबांनी घेतलेली, म्हणून विकायचं मनात येत नाही. एप्रिलमध्ये गाडीजवळ पेट्रोलचा वास यायला लागला. खाली वाकून पाहिलं, तर टाकीकडून इंजिनकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपाचे गंजून पापुद्रे सुटले होते.

नागपुरात रिंग रोडवरच्या एका गॅरेजवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, "भाऊ, यात जोडकाम चालत नाही. पूर्ण लाइन नवी टाका." बोलणं बरोबर होतं, म्हणूनच माझा विश्वास बसला. नवा पाइप, दोन्ही टोकांना इंजेक्शनच्या (इंजिनात दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीचा होज म्हणजे रबरी नळी, क्लिपा, फिल्टर आणि मजुरी मिळून ७,४०० रुपये ठरले. संध्याकाळी गेलो तर गाडी खालून काळीभोर, अगदी नव्यासारखी. गंजू नये म्हणून कोटिंग मारून दिलं, त्याचे पैसे नकोत, असंही म्हणाला.

मी जुना पाइप मागितला. त्याने लगेच एक गंजका तुकडा हातात दिला आणि माझी शंका मिटली. तुकडा जेमतेम दोन फुटांचा होता. या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतरच सात फुटांच्या वर आहे. पूर्ण लाइन काढली, तर उरलेला पाइप कुठे गेला? तेव्हा हे विचारायला हवं होतं.

मे महिन्यात, ऐन उन्हात, वर्धा रोडने बुटीबोरीला चाललो होतो. मागच्या सीटवर आई आणि माझी सहा वर्षांची मुलगी. खापरीच्या पुढे आई म्हणाली, "अरे, पेट्रोलचा वास येऊन राहिला." गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, दोघींना उतरवून लांब झाडाखाली नेलं. परत येऊन वाकून पाहिलं तर तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपापासून चार बोटांवर थेंब पडत होते. ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

गाडी टो करून दुसऱ्या मेकॅनिककडे नेली. त्याने ती रॅम्पवर चढवली आणि स्क्रू ड्रायव्हरने काळा थर खरवडला. खाली जुनाच पाइप होता. फक्त मधला सडका भाग कापून तिथे रबरी नळी घातली होती, तीही पाण्याच्या लाइनची. पेट्रोलने ती फुगून मऊ पडली होती. इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला पंप साधारण अडीच-तीन बार दाबाने पेट्रोल ढकलतो, म्हणजे चाकातल्या हवेपेक्षा जास्त दाब. कमी दाबाच्या जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचा साधा होजसुद्धा इथे चालत नाही. योग्य होजवर 'एसएई जे३० आर९' असं, म्हणजे इंजेक्शनच्या होजचं मानक, छापलेलं असतं. आमच्या नळीवर एक अक्षर नव्हतं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, हलकं रबर त्यात आणखी लवकर जातं.

लाइन नेली कुठून, हे तर त्याहून वाईट. कंपनीने दिलेल्या क्लिपा सोडून ती सायलेन्सरच्या बाजूने ओढली होती आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधली होती. उष्णतेने पट्टी सुटली आणि नळी खाली लोंबली. दोन-चार क्लिपांचे पैसे वाचवायला कोणी माणसांच्या जिवाशी असं खेळतं, याचा मला फार राग आहे.

पहिल्या गॅरेजवाल्याकडे गेलो तर तो म्हणाला, "बिल आहे का?" हिशोब साध्या चिठ्ठीवर होता, त्यावर गॅरेजचं नाव नव्हतं. मात्र पैसे यूपीआयने दिले होते, त्याची नोंद होती, आणि रॅम्पवर काढलेले फोटो होते. तेवढ्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ला फोन करून तक्रार नोंदवली. निकाल अजून लागायचा आहे. तुमचं असं काम निघालं तर पक्कं बिल आधी मागा, त्यात होजचा प्रकार आणि पाइपाची लांबी लिहून घ्या. आणि कोटिंग मारायच्या आधी गाडी रॅम्पवर असतानाच स्वतः खाली उभे राहून टाकीपासून इंजिनपर्यंत लाइन बघा. रंग मारल्यावर काहीच कळत नाही.

दुसऱ्या मेकॅनिकने काढलेले जुन्या पाइपाचे तुकडे मी त्याच्यासमोर टेपने मोजले, नव्या लाइनशी ताडून पाहिले, आणि मगच त्याला कोटिंग मारायला सांगितलं.