क्षारपडीतला जव: दोन रब्बी हंगामांनंतर

सांगलीकडची क्षारपड नव्याने सांगायला नको. मातीचा ईसी (क्षार किती ते दाखवणारा आकडा, डेसिसायमन/मीटरमध्ये) १.७ च्या पुढे गेला की उसाचं उत्पादन घटायला लागतं. गहू ६ पर्यंत तग धरतो, जव ८ पर्यंत. (हे आकडे संपृक्त अर्काचे, म्हणजे माती पाण्याने पूर्ण भिजवून काढलेल्या अर्काचे आहेत; एक भाग माती, अडीच भाग पाणी अशा १:२.५ च्या रिपोर्टशी ताडू नका.) म्हणून ओढ्याकडेची पांढरी पडलेली पट्टी जवाला दिली. रोप लहान असताना तो एवढा चिवट नसतो, बी जास्तच धरा. पुढे मात्र असा फुटला की तिथे इतकं हिरवं रान मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

वाण दुहेरी घेतलं. ५०-५५ दिवसांनी हिरवा चारा कापायचा, लगेच पाणी आणि युरिया द्यायचा, फुटव्यावर दाणा धरायचा. पहिल्या वर्षी मी सगळ्यांना हेच सांगत सुटलो: चारा फुकट, दाणा वरकड.

आता तसं सांगणार नाही. कारण कुसळ.

बी देणारा म्हणाला होता, भुसा गव्हासारखाच. मळणीवाल्याने कुसळाचं कारण काढून पोत्यामागे जादा पैसे घेतले, तरी भुशात कुसळं तशीच. चार दिवसांत म्हैस गव्हाणीपाशी नुसती उभी, तोंडातून लाळ. जबडा उघडून पाहिलं तर जिभेखाली कुसळांचा झुपका रुतलेला, भोवती लालभडक सूज. कुसळाला करवतीसारखे बारीक दाते असतात. आत शिरतं ते मागे येत नाही. डॉक्टरचं बिल आणि आटलेलं दूध धरलं तर जवामुळे वाचलेली पेंड त्यातच गेली.

दाण्याबद्दल तक्रार नाही. जाडसर भरडा थोडा थोडा वाढवत द्या. बारीक पीठ एकदम घातलं तर पोटात आम्ल वाढतं. घरात खायचा तर आधी कांडून घ्या, साल दाण्याला चिकटलेली असते आणि पीठ घशाला टोचतं. गव्हात चौथा हिस्सा घातला की चपाती छान होते. ग्लुटेन चालत नसेल त्यांनी मात्र लांब राहावं.

येत्या रब्बीला पट्टी पुन्हा जवालाच, पण सगळा ओंबी बाहेर पडायच्या आत कापणार. परदेशात चाऱ्यासाठी बिनकुसळी जव लावतात. तसं बी आपल्याकडे कुणाला मिळालं असेल तर कुठून आणि काय भावाने, नक्की लिहा.